छातीवरचं नाव



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या सरांनी मला स्कोअरिंग शिकवलं. मी आठवीत होतो. कांगा लीगचा सामना, आझाद मैदानातला तंबू, ताडपत्रीवरून ओघळणारं पाणी आणि सीमारेषेजवळ घोट्याच्या वर आलेलं गवत. सरांनी माझ्या हातात पेन्सिल दिली आणि दोन गोष्टी सांगितल्या. पहिली अशी की पंचाने बाय, लेगबाय, चौकार, कसलीही खूण केली की हात वर करून त्याला दाखवायचं. स्कोअररने पाहिलं हे कळल्याशिवाय पंच खेळ पुढे जाऊ देत नाही. दुसरी गोष्ट शेजारी बसलेल्या दुसऱ्या संघाच्या स्कोअररबद्दल होती. ओव्हर संपली की त्याच्याशी ताळा जमवायचा, आणि आपला चांगला बॅट्समन बाद झाला तरी वहीतलं अक्षर बदलू द्यायचं नाही. "वाईट वाटू दे, पण अक्षर तेच राहू दे," असं ते म्हणाले होते.

आज सरांच्या नावाच्या व्यासपीठावरून बोलायला मी जो विषय निवडला आहे, त्यात मला ते दोन्ही धडे कामाला येणार आहेत. जुगाराच्या कंपन्यांना खेळाच्या संघांचं प्रायोजकत्व घेऊ द्यावं का, हा तो विषय. माझं उत्तर 'नाही' असं आहे आणि ते मी सुरुवातीलाच सांगून टाकतो. ते तसं का आहे आणि तिथपर्यंत मी किती उशिरा पोहोचलो, हे सांगायला तासभर मागितला आहे.

सप्टेंबर २०२५ मध्ये आशिया चषकात आपला संघ उतरला तेव्हा एक वेगळी गोष्ट दिसली. निळ्या जर्सीच्या छातीवर फक्त देशाचं नाव होतं, मुख्य प्रायोजकाची जागा रिकामी होती. ऑगस्टपर्यंत तिथे 'ड्रीम इलेव्हन' या ऑनलाइन फँटसी खेळाच्या कंपनीचं नाव होतं. जुलै २०२३ मध्ये तीन वर्षांसाठी सुमारे ३५८ कोटी रुपयांना ती जागा विकली गेली होती. मग पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारं विधेयक आलं. २० ऑगस्टला ते लोकसभेत मंजूर झालं, २१ ला राज्यसभेत आणि २२ ला राष्ट्रपतींची सही झाली. कौशल्याचा खेळ की नशिबाचा, हा भेद या कायद्याने ठेवलाच नाही. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो, त्याची जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि पन्नास लाखांपर्यंत दंड. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, आणि ते योग्यच आहे. तीन दिवसांत करार संपला. कायद्याला न्यायालयात आव्हान दिलं गेलं आहे आणि निकाल काय लागायचा तो लागेल. पण त्या रिकाम्या छातीकडे पाहताना मला बरं वाटलं. का बरं वाटलं, याचा मी बरेच दिवस विचार केला.

प्रायोजक आमच्या पिढीला नवे नव्हते. मुंबईचं क्रिकेट उभं राहिलं ते टाइम्स शील्डसारख्या कचेऱ्यांच्या स्पर्धांवर. निरलॉन, मफतलाल, टाटा, एसीसी, स्टेट बँक यांचे संघ असायचे. वाडेकर स्टेट बँकेत होते, गावसकर निरलॉनमध्ये. कबड्डीत महिंद्र, एअर इंडिया, भारत पेट्रोलियम, रेल्वे. या कंपन्यांनी खेळाडूला काय दिलं? नोकरी दिली, सामन्याच्या दिवशी रजा दिली, महिन्याच्या एक तारखेला पगार दिला. त्या बदल्यात खेळाडूच्या छातीवर त्यांचं नाव असायचं. तो त्यांचाच माणूस होता, त्यामुळे ते नाव खरं होतं.

त्याच काळात, त्याच शहरात मटका जोरात होता. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातले भाव तारेने यायचे, त्यावर आकडा लावला जायचा. ते भाव बंद झाल्यावर १९६२ च्या सुमारास कल्याणजी भगत यांनी आणि १९६४ मध्ये रतन खत्रींनी चिठ्ठ्या आणि पत्ते काढून आकडा जाहीर करायला सुरुवात केली. ओपन-क्लोज हे शब्द चाळीतल्या लहान पोरांनाही माहीत होते. गिरणगावात पगाराच्या दिवशी काय व्हायचं, ते तिथे वाढलेल्यांना मी सांगायला नको. हा धंदा पोलिसांना ठाऊक होता, पुढाऱ्यांना ठाऊक होता, सगळ्यांना ठाऊक होता. तरीही मटक्याचं नाव छातीवर लावून एखादा संघ शिवाजी पार्कावर उतरेल, हे कुणाच्या स्वप्नात आलं नाही. आकडा लावणारा माणूसही दुसऱ्या दिवशी पोराला मैदानावर सोडताना तो आकडा घरी ठेवून यायचा.

म्हणून 'बंदी घातली की धंदा चोरून चालतो, त्यापेक्षा उघड चालू द्या' हा युक्तिवाद आला की मी एवढंच म्हणतो की हे दोन वेगळे प्रश्न आहेत. जुगाराला परवानगी द्यावी की नाही, यावर शहाणी माणसं दोन्ही बाजूंनी बोलली आहेत. लोढा समितीने २०१६ मध्ये सट्टा कायदेशीर करावा असं सुचवलं. विधी आयोगाने २०१८ च्या आपल्या २७६ व्या अहवालात नियंत्रणाचा मार्ग मांडला. त्यांच्या मताचा मला आदर आहे. दारू तर कायद्याने विकलीच जाते, तरी शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या पडद्यावर आपण दारूचं नाव लावत नाही. एखादी गोष्ट चालू देणं वेगळं आणि तिच्या हाती आपल्या मुलांचा हात देणं वेगळं.

विल्सचं काय, असं तुम्ही विचाराल. विचारायलाच हवं. नव्वदच्या दशकात आपल्या संघाच्या अंगावर सिगरेटचं नाव होतं. १९९६ चा विश्वचषक 'विल्स' विश्वचषक होता. आम्ही तो हौसेने पाहिला आणि नावाकडे लक्षही दिलं नाही. २००१ मध्ये विल्स बनवणाऱ्या आयटीसीने माघार घेतली, २००३ मध्ये तंबाखूच्या जाहिरातींवर बंदी घालणारा कायदा आला. क्रिकेट बुडेल असं तेव्हा बोललं गेलं, पण ते बुडालं नाही.

पण सिगरेट आणि जुगार यांत मला एक फरक दिसतो आणि आज मला नेमका तोच सांगायचा आहे. सिगरेटवाल्याला तुमच्या फुफ्फुसांशी घेणं नव्हतं, पण तुम्ही सामना कसा पाहता यातही त्याला रस नव्हता. जुगाराच्या कंपनीचा मालच मुळी सामना आहे. तिची कमाई होते ती त्या संघावर जीव टाकणारा माणूस पैसे हरतो तेव्हा. टायर विकणाऱ्याचं भलं गिऱ्हाइकाची गाडी चालण्यात असतं, दूध संघाचं भलं पोराने दूध पिण्यात. संघाच्या पाठीराख्याच्या तोट्यातच ज्याचा नफा आहे, असा प्रायोजक हा एकच. आणि त्या पाठीराख्याला त्याच्या दारात नेऊन उभं कोण करतं? त्याचा लाडका खेळाडू, छातीवरचं नाव दाखवून.

आता मला माझ्याबद्दल बोलायचं आहे. इतकी वर्षं ते मी कुठे बोललो नाही.

मी ज्या वर्तमानपत्रात क्रीडापान सांभाळत होतो, तिथे दोन हंगाम आयपीएलच्या दिवसांत एक चौकट छापून यायची. आज कोणाला घ्यावं, कर्णधार कोण, उपकर्णधार कोण. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. फँटसी खेळात तुम्ही दोन्ही संघांतून मिळून अकरा खेळाडू निवडता. त्यातल्या कर्णधाराचे गुण दुप्पट मोजतात, उपकर्णधाराचे दीडपट. त्यामुळे कर्णधार कोण, यावर सगळं अडलेलं असतं. ती चौकट मी लिहीत होतो. खेळपट्टी, दव, कोणाचा हात चालू आहे, हे सगळं मी मन लावून, अभ्यास करून लिहायचो. त्याच पानावर खाली जाहिरात असायची, आणि तिच्या तळाशी बारीक अक्षरांत इशारा असायचा की यात आर्थिक जोखीम आहे, व्यसन लागू शकतं, जबाबदारीने खेळा. तो इशारा मी रोज पाहत होतो. माझी चौकट आणि तो इशारा यांच्यात चार बोटांचं अंतर होतं.

एके दिवशी दुपारी कचेरीत फोन आला. सांगली जिल्ह्यातले एक शेतकरी होते. आवाजात राग नव्हता. "साहेब, ते कर्णधाराचं तुम्हीच लिहिता का?" मी हो म्हणालो. मला वाटलं, कौतुकाचा फोन आहे. मग ते सावकाश बोलत गेले. उसाचं बिल खात्यावर जमा झालं होतं. फोन मुलाकडे असायचा, कारण यूपीआय त्यालाच यायचं. एकोणपन्नास रुपये, नव्व्याण्णव रुपये, मग एकाच सामन्याला दहा-दहा टीम लावणं, मग गेलेलं भरून काढायला आणखी. दोन महिन्यांत ऐंशी हजार गेले. "पोरगं चोर नाही हो," ते म्हणाले. "पेपरात येतंय म्हटल्यावर त्याला वाटलं, हे अभ्यासाचं आहे."

मी त्यांना काय उत्तर दिलं ते मला आठवत नाही. दुसऱ्या दिवशी मी चौकट लिहायला नकार दिला, ती दुसऱ्या कोणी लिहिली. दिवाळीत मी त्यांच्या गावी गेलो. मुलगा भला होता, आयटीआय करत होता, नजर खाली ठेवून बोलत होता. रात्री जेवणं झाल्यावर टीव्हीवर भारताचा सामना लागला. आम्ही सहा-सात जण घोंगडीवर बसलो होतो. चौथ्या ओव्हरला आपला सलामीचा बॅट्समन यष्टीमागे झेल देऊन बाद झाला. सगळ्यांनी 'अरे, अरे' केलं. आणि मी पाहिलं, त्या मुलाची मांडीवरची मूठ आवळली गेली. वाईट वाटून नव्हे, आनंदाने. समोरच्या संघाचा तो बॉलर त्याने घेतलेला होता. बापाने टीव्हीकडे पाहिलंच नाही, तो मुलाच्या मुठीकडे पाहत होता.

सरांनी मला सांगितलं होतं, वाईट वाटू दे. त्या मुलाला वाईट वाटायचंही राहिलं नव्हतं. आपला माणूस बाद झाला की पोटात खड्डा पडतो, तो पडणं म्हणजेच पाठीराखा असणं. ती गोष्ट त्याच्याकडून काढून घेतली गेली होती, आणि ती काढून घेणाऱ्याचं नाव पुढे आपल्याच संघाच्या छातीवर आलं.

फँटसी खेळ हा कौशल्याचा आहे, जुगार नव्हे, हे मला अनेकदा ऐकवलं गेलं. २०१७ मध्ये पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने आणि २०१९ मध्ये आपल्या मुंबई उच्च न्यायालयाने तसा कौल दिला होता. हा वाद जुना आहे आणि त्याचं मूळ आपल्याच दारात आहे. पन्नासच्या दशकात बंगळूरहून निघणारं एक साप्ताहिक शब्दकोड्यांच्या बक्षीसस्पर्धा चालवायचं आणि मुंबई राज्यात त्याचा मोठा खप होता. राज्याने त्यावर कर लावला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९५७ मध्ये न्यायालयाने सांगितलं की जुगार हा घटनेने संरक्षण दिलेला व्यापारच नव्हे. कौशल्य प्रधान असेल तर गोष्ट वेगळी. त्या वेगळ्या गोष्टीच्या फटीतून पुढची सहा दशकं सगळे आत आले.

खेळपट्टी वाचायला अक्कल लागते, हे मी नाकारत नाही. माझं आयुष्य त्यात गेलं आहे. पण लाखो माणसं एका स्पर्धेत पैसे भरतात, कंपनी आपला हिस्सा आधीच बाजूला काढते आणि उरलेल्यातलं मोठं बक्षीस मूठभरांच्या हाती पडतं, तेव्हा ते कौशल्य नेमकं कोणाचं आहे? आयटीआयच्या पोराचं नक्कीच नाही. वर्षाला सुमारे ४५ कोटी लोक अशा खेळांत मिळून २० हजार कोटी रुपये गमावतात, असा अंदाज सरकारकडून सांगितला गेला. आकडा थोडा इकडेतिकडे असेल. मला त्यातले ऐंशी हजार माहीत आहेत.

इंग्लंडकडे पाहा. तिथे सट्टा कायदेशीर आहे, दुकानं उघडी आहेत, परवाने आहेत, म्हणजे 'उघड चालू द्या' म्हणणाऱ्यांना हवं ते सगळं आहे. तिथे फुटबॉलच्या संघांचा लहान मापाचा शर्ट दुकानात घ्यायला गेलात तर त्यावर सट्टा कंपनीचं नाव छापलेलं नसतं. लहान मुलांच्या अंगावर ते नको, हे त्या धंद्यानेच मान्य केलेलं आहे. पण ते पोर तो शर्ट घालून ज्याच्यासारखं व्हायचं स्वप्न पाहतं, त्या खेळाडूच्या छातीवर ते नाव असतं! मोठ्या मापात चालतं आणि छोट्या मापात चालत नाही, असं म्हणण्यातच कबुली आहे.

ब्रेंटफर्ड क्लबचा तेव्हाचा खेळाडू आयव्हन टोनी आठवतो. मे २०२३ मध्ये त्याच्यावर आठ महिन्यांची बंदी आली. सट्टा लावण्याच्या नियमांचा २३२ वेळा भंग केल्याचं त्याने मान्य केलं होतं. जुगाराचं व्यसन असल्याचं निदान तज्ज्ञांनी केलं. नियमाप्रमाणे शिक्षा झाली, व्हायलाच हवी होती. पण तो आठवड्यामागून आठवडे ज्या शर्टात गोल करत होता, त्यावर हॉलिवुडबेट्स या सट्टा कंपनीचं नाव होतं. जे नाव त्याने लाखोंना दाखवावं म्हणून क्लबला पैसे मिळत होते, त्या धंद्याला त्याने स्वतः हात लावला की तो गुन्हेगार. आपण या पोरांना कुठे उभं करतो आहोत?

एप्रिल २०२३ मध्ये प्रीमियर लीगच्या क्लबांनी ठरवलं की २०२५-२६ चा हंगाम संपल्यावर शर्टाच्या पुढच्या बाजूला सट्टा कंपनीचं नाव नको. बाहीवर मात्र चालेल, मैदानाभोवतीच्या फलकांवरही चालेल. इटलीने २०१८ मध्ये जाहिरातींवरच बंदी घातली, स्पेननेही २०२१ च्या हंगामापासून शर्टावरून ही नावं काढली. इंग्लंडचं पाऊल मला अर्धवट वाटतं. नाव छातीवरून बाहीवर सरकलं म्हणून पोराच्या नजरेतून ते सुटत नाही.

हे खेळाडूंच्या सदसद्विवेकावर सोडावं, असंही कोणी म्हणतं. वडील प्रा. रमेश तेंडुलकरांना दिलेल्या शब्दाखातर सचिनने तंबाखू आणि दारूची जाहिरात कधी केली नाही. १९९६ च्या विश्वचषकात त्याच्या बॅटवर स्टिकर नव्हतं, आणि त्या कोऱ्या बॅटने त्याने स्पर्धेत सगळ्यांत जास्त धावा केल्या. मराठी घरांत ही गोष्ट अभिमानाने सांगितली जाते, मीही सांगतो. पण २०२० मध्ये तोच सचिन पैसे लावायच्या एका ऑनलाइन खेळांच्या कंपनीचा सदिच्छादूत झाला, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये आमदार बच्चू कडूंनी त्याच्या वांद्र्याच्या घरासमोर आंदोलन केलं. कायद्याने तेव्हा त्यात काही गैर नव्हतं. मी हे त्याला कमी लेखायला सांगत नाही. ज्या घरात असा शब्द दिला गेला आणि पाळला गेला, त्या घराच्या दारापर्यंतही हा धंदा पोहोचला, तर अठरा-वीस वर्षांच्या नवख्या पोराने एकट्याने त्याला अडवावं ही अपेक्षा अन्यायाची आहे. नियम हवा, म्हणजे त्या पोराला नाही म्हणावंच लागणार नाही.

राहिला पैसा. भारतीय क्रिकेट मंडळाबद्दल मला फार बोलायचं नाही. आयपीएलच्या पाच वर्षांच्या प्रक्षेपणाचे हक्क ४८ हजार कोटींच्या वर गेले, त्या मंडळाला जुगाराशिवाय भागत नाही असं म्हणता येणार नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या प्रायोजकासाठी त्यांनी निविदा काढली, त्यात दारू, तंबाखू, सट्टा आणि पैशांचे ऑनलाइन खेळ यांना मज्जाव केला. अपोलो टायर्सने सुमारे ५७९ कोटींना ती जागा घेतली. आधीपेक्षा जास्तच आले.

पण कबड्डी, खो-खो, तालुक्याच्या गावातलं फुटबॉल यांचं काय? इथे मला सोपं उत्तर देता येत नाही. या खेळांना पैसा खरोखर कमी पडतो, आणि जुगाराच्या कंपन्यांनी तिथे पैसा ओतला हेही खरं आहे. तो बंद झाला की एखादी स्पर्धा बंद पडेल, एखाद्या मुलीचा प्रवासखर्च निघणार नाही. हे नुकसान मी मान्य करतो. त्याची भरपाई कोण करणार, हा प्रश्न टाळून नुसती बंदी मागणं मला जमणार नाही. ओडिशा सरकारने २०१८ पासून हॉकीला हात दिला, तसं आपल्या राज्याला का जमू नये? आणि सरकारच्याही आधी, आपण?

खाशाबा जाधव १९५२ मध्ये हेलसिंकीला गेले आणि स्वतंत्र भारताला पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळालं. त्यांना पाठवायला पैसे नव्हते. गोळेश्वरच्या गावकऱ्यांनी वर्गणी काढली, आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. त्या पदकावर कोणाचंच नाव छापलेलं नव्हतं.

सांगलीच्या त्या गावाशी माझा संबंध राहिला आहे. तिथे यात्रेला टेनिस बॉलची स्पर्धा होते, सोळा संघ, तीन दिवस, यूट्यूबवर थेट प्रक्षेपण. या वर्षी एक माणूस संयोजकांकडे आला. सगळ्या सोळा संघांचे शर्ट, मंडपाचा फलक, वर साठ हजार रोख. नाव एका 'न्यूज'चं. बातम्यांच्या नावाखाली सट्ट्याची साईट चालवायची ही रीत जुनी आहे. केंद्राच्या माहिती व प्रसारण खात्याने २०२२ पासून त्यावर वारंवार इशारे दिले आहेत. पोरांना ते बरोबर कळलं. त्यांनी मला फोन केला. "सर, हा नको हे आम्हालाही समजतं. पण मग शर्ट कोण देणार?"

आजच्या व्याख्यानाचं मानधन मी संयोजकांच्या परवानगीने तिकडे वळतं केलं आहे. गावच्या दूध संस्थेने तीन संघांचे घेतले, कृषी सेवा केंद्रवाल्याने दोन संघांचे, मुंबईला असलेल्या गावकऱ्यांनी पाच. माझे आणि माझ्या जुन्या सहकाऱ्यांचे मिळून चार झाले. शर्ट इस्लामपुरात शिवायला टाकले आहेत, छातीवर फक्त प्रत्येक संघाच्या वाडीचं नाव. स्कोअरिंगला तो मुलगा बसणार आहे, त्याच्या हाती द्यायला मी सरांचीच एक कोरी वही घेऊन जातो आहे. दोन संघांचे शर्ट अजून व्हायचे आहेत, आणि शिंप्याला शनिवारपर्यंत मापं हवी आहेत.